हनिमूनचं जेवण आधीच विकत घ्यावं का?

संपादक महोदय,

लग्नसराईबरोबर हनिमून पॅकेजांच्या जाहिराती येतात आणि त्यांत आता अमेरिकेतलं वॉल्ट डिस्ने वर्ल्डही दिसतं. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळची चार थीम पार्क, आवारातलंच हॉटेल, पाच-सहा रात्रींचा मुक्काम. कोटेशनच्या तळाशी एक ओळ असते, ‘डायनिंग प्लॅनसह’. ती वाचून घरातल्या मोठ्या माणसांना हायसं वाटतं, परक्या मुलखात पोरांच्या खाण्यापिण्याची आबाळ होणार नाही. नवरा-नवरीला वाटतं, आता तिथे पाकीट काढायलाच नको. त्या एका ओळीसाठी २०२४ च्या दरांनी पाच रात्रींचे दोघांचे मिळून साडेपाचशे ते साडेनऊशे डॉलर जात. त्या बदल्यात नेमकं काय मिळतं हे मात्र विकणारा क्वचितच सांगतो आणि घेणारा क्वचितच विचारतो. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी योजनेची माहिती. डिस्ने डायनिंग प्लॅन डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात पॅकेज घेऊन राहणाऱ्यांनाच मिळतो. बाहेरच्या हॉटेलात उतरलात तर नाही. डिस्नेच्याच आवारात असलेल्या स्वान आणि डॉल्फिन या हॉटेलांतल्या पाहुण्यांनाही नाही. मार्च २०२० मध्ये पार्क बंद झाली तेव्हा योजना थांबली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. त्यामुळे ‘आमच्या वेळी असं होतं’ म्हणून मिळणारे बरेच सल्ले जुन्या नियमांचे असतात. आता प्रकार दोनच आहेत. क्विक-सर्व्हिस प्लॅनमध्ये दर माणशी दर रात्री काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक. दुसऱ्या, मोठ्या प्लॅनमध्ये काउंटरवरचं एक जेवण, टेबलावर बसून वाढलं जाणारं एक जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत मुक्कामभर पेयांनी पुन्हा पुन्हा भरता येणारा एक मग मिळतो. योजना परत आली तेव्हा, २०२४ साली, प्रौढांचे दर होते ५७.०१ डॉलर आणि ९४.२८ डॉलर, कर धरून. दर बदलत राहतात. तुमच्या तारखांचा आकडा घालून पुढचाच हिशेब पुन्हा मांडता येईल.

सगळ्यात मोठा गैरसमज ‘सगळी जेवणं’ या शब्दांचा. दिवसाला जेवणं दोन, तीन नव्हेत. प्लॅनमधल्या प्रत्येक जेवणाच्या किंवा स्नॅकच्या हक्काला ‘क्रेडिट’ म्हणतात. नाश्त्याला जेवणाचंच एक क्रेडिट मोडावं लागतं. काउंटरवरच्या जेवणात एक मुख्य पदार्थ आणि एक पेय असतं. टेबलावरच्या जेवणात मुख्य पदार्थ, गोड आणि पेय, स्टार्टर नाही. बुफे असेल तर पूर्ण बुफे आणि पेय. टिप यात धरलेली नाही आणि अमेरिकेत टेबलावर बसून जेवल्यावर ती चुकत नाही. क्रेडिट रात्रींवर मोजतात, म्हणजे पाच रात्री आणि सहा दिवसांच्या मुक्कामाला माणशी पाचच संच मिळतात. ते रोजच्या रोज संपवावे लागत नाहीत. एका दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी शून्य असं चालतं. पण हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री जे उरलं असेल ते गेलं. पैसे परत नाहीत. आणि एका बुकिंगमधल्या सगळ्यांनी एकच प्रकार, पूर्ण मुक्कामासाठी घ्यायचा असतो. तिला मोठा आणि त्याला छोटा, किंवा पहिल्या दोन रात्रींपुरता, असं जमत नाही.

आता हिशेब, साधारण २०२४ च्या दरांनी. दोघांसाठी पाच रात्रींचे क्विक-सर्व्हिसचे ५७०.१० डॉलर, मोठ्या प्लॅनचे ९४२.८०. फरक ३७२.७० डॉलर, म्हणजे माणशी दर रात्री ३७.२७. स्नॅक तोच, मग तोच. फरक एवढाच की काउंटरवरचं एक जेवण जाऊन त्याच्या जागी टेबलावरचं एक येतं. काउंटरवरचं साधं जेवण, कोल्ड्रिंक आणि साडेसहा टक्के विक्रीकर धरून, वीस-एकवीस डॉलरच्या घरात पडतं. त्यात हे ३७ मिळवले की टेबलावरच्या प्रत्येक जेवणाची तुम्ही मोजलेली किंमत निघते, साधारण ५८ डॉलर. हा आकडा कागदाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. पुढचे बहुतेक प्रश्न त्यानेच सुटतात.

मेनूवरून मांडून बघू. शाकाहारी मुख्य पदार्थ २५ डॉलर, गोड ११, कोल्ड्रिंक ५. कर धरून ४४ डॉलरही होत नाहीत. प्रत्येक ताटामागे १४ डॉलर पाण्यात, आणि पाच रात्रींत दोघांची अशी दहा ताटं. कोल्ड्रिंकच्या जागी १७ डॉलरचं कॉकटेल घेतलं तर ५६ पर्यंत पोचतो, म्हणजे जवळपास बरोबरी. मुख्य पदार्थ ३८ डॉलरचा स्टेक असेल आणि सोबत कॉकटेल, तर ७० होतात आणि प्लॅन फायद्याचा ठरतो. योजनेचं गणित मांसाहार आणि मद्य घेणाऱ्यांच्या बाजूने झुकलेलं आहे ते असं. पेयात मद्य चालतं, पण वय २१ पूर्ण हवं आणि तसा पुरावा हवा, म्हणजे परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट जवळ बाळगणं आलं. न पिणाऱ्यांना त्या जागी कोल्ड्रिंक, चहा-कॉफी किंवा तसलंच काही मिळतं. प्लॅनच्या दरात त्याबद्दल काही सूट नाही.

बुफे आणि ठरावीक दराची जेवणं हा शाकाहाऱ्यांसाठी त्यातल्या त्यात मार्ग. काँटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज, पॉलिनेशियनमधलं ओहाना, ॲनिमल किंग्डम लॉजमधलं बोमा, इथल्या रात्रीच्या जेवणाचे दर साठ ते सत्तर डॉलरच्या दरम्यान असतात आणि क्रेडिट एकच लागतं. बोमाचा बुफे आफ्रिकी धाटणीचा आहे. मसूर, कडधान्यं, मसालेदार भाज्या, भात यांची रेलचेल असल्यामुळे आपल्या जिभेला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. कागदावर इथे क्रेडिट वसूल होतं. पण एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवा. खिशातून रोख द्यायचे असते तर रोज रात्री सत्तर डॉलरच्या बुफेला बसला असता का? नसता, तर ती बचत केवळ कागदावरची. तुलना करायची ती मेनूवरच्या सगळ्यांत महागड्या पदार्थाशी नाही, तुम्ही एरवी खरोखर जे मागवलं असतं त्याच्याशी. प्लॅन ‘वसूल’ करण्याच्या नादात भूक नसताना जेवणारी जोडपी या हिशेबात नेहमी चुकतात.

हनिमूनला जाणाऱ्यांना ज्या जागा हव्या असतात, तिथे तर गणित आणखी बिघडतं. काँटेम्पररीच्या पंधराव्या मजल्यावरच्या कॅलिफोर्निया ग्रिलमधून मॅजिक किंग्डम या पार्कची आतषबाजी दिसते. तिथलं तीन पदार्थांचं ठरावीक जेवण २०२४ मध्ये ८९ डॉलरच्या आसपास होतं आणि त्याला माणशी दोन क्रेडिट जातात. दोन क्रेडिट म्हणजे ११६ डॉलर. न पिणाऱ्याचा हिशेब करासकट शंभरावर थांबतो. मॅजिक किंग्डमच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल हेही दोन क्रेडिटचं. ऐंशी डॉलरच्या आसपासच्या जेवणाला तुमचे ११६ जातात. अशा जागांना सिग्नेचर रेस्टॉरंट म्हणतात. पाच रात्रींच्या मुक्कामात दोन संध्याकाळी सिग्नेचरमध्ये घालवल्या की माणशी चार क्रेडिट संपली, उरलं एक. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स, ज्याला २०२४ मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला, ते या योजनेत येतच नाही. तिथे बसायचं असेल तर प्लॅन असूनही पूर्ण पैसे वेगळे मोजावे लागतात आणि त्या रात्रीचं क्रेडिट दुसऱ्या दिवशी कुठेतरी बसवावं लागतं.

आयुष्यभर लक्षात राहतील अशी दोन जेवणं हवी असतील तर ती रोखीने घ्यावीत. दोघांनी दोन संध्याकाळी माणशी सत्तर डॉलरप्रमाणे जेवलं तर होतात २८० डॉलर. मोठ्या प्लॅनला मात्र छोट्यापेक्षा ३७२.७० जास्त जातात.

शाकाहाराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या वाचकांचा खरा घोर तिथेच असतो. उपाशी राहण्याची वेळ येत नाही, हे आधी सांगतो. २०१९ च्या शरद ऋतूत डिस्ने वर्ल्डने मेनूवर पानाची खूण छापायला सुरुवात केली. ती खूण असलेल्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध यांपैकी काही नसतं. अंडं न खाणाऱ्यांना डोळे मिटून धरता येईल अशी हीच एक खूण. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर अंडं आणि चीज गृहीत असतं. मासे किंवा कोंबडीच्या रश्शात शिजलेला भात चालणार नसेल तर तेही विचारून घ्यावं लागतं. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर रिझर्व्हेशन करतानाच नोंद करावी आणि टेबलावर बसल्यावर वेटरला पुन्हा सांगावं. टेबल-सर्व्हिसमध्ये शेफशी बोलायची सोय असते. काउंटरवर गर्दीच्या वेळी तेवढी सवड कुणालाच नसते.

पण प्रश्न किमतीचा आहे. ॲनिमल किंग्डम पार्कच्या पँडोरा भागातल्या सातूली कँटीनमध्ये तिखट मसाल्यातल्या कुरकुरीत टोफूचा वाडगा (बोल) मिळतो. खाली भात किंवा इतर धान्य, वर भाज्या, आणि निवडाल ते सॉस. पार्कात मिळणाऱ्या शाकाहारी जेवणांतलं हे चांगलं, पोटभरीचं जेवण. तो चौदा डॉलरच्या आसपास, पेयासह करासकट वीस. क्विक-सर्व्हिस प्लॅनमधून स्नॅकचे सात आणि मगचे दिवसाला साडेचार वजा केले तर एका जेवणाची तुम्ही मोजलेली किंमत पावणेतेवीस होते. म्हणजे शाकाहाऱ्यांसाठी उत्तम म्हणावं अशा जागीही पावणेतीन डॉलर जास्तच. टेबल-सर्व्हिसमध्ये दुसरी अडचण गोडाची. क्रेडिटमध्ये गोड धरलेलं आहे, आणि बहुतेक केक-पुडिंगांत अंडं, काहींत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन. अंडं न खाणाऱ्याच्या पुढ्यात बहुधा सॉर्बे (फळांच्या रसाचं बिनदुधाचं आइस्क्रीम) नाहीतर फळं येतात. अकरा डॉलरचा हिस्सा तिथे संपला. ॲनिमल किंग्डम लॉजमधल्या सना या रेस्टॉरंटातला प्रसिद्ध ब्रेड सर्व्हिसचा थाळा, नान आणि नऊ प्रकारच्या चटण्या-डिप, मेनूवर स्टार्टरमध्ये छापलेला असतो. तोच खायला जायचं आणि क्रेडिट मुख्य पदार्थाला लावायचं, यात हिशेब कसा गडबडतो ते लक्षात यावं.

दोघे शाकाहारी, न पिणारे, नाश्ता खोलीवर करणारे असं जोडपं धरा. दुपारी काउंटरवर एकोणीस, रात्री एकोणीस, मध्ये साडेसहाचं आइस्क्रीम. करासकट माणशी ४७.४०, दोघांचे पाच दिवसांचे ४७४. हौसेने दोन मग विकत घेतले, बावीस-बावीसचे, तरी ५२१. प्लॅन ५७० चा. पन्नास डॉलर वाचले, शिवाय मध्यरात्रीच्या मुदतीचा धसका नाही. याउलट दोन्ही वेळा जेवणासोबत बिअर घेणारं जोडपं धरा. मुख्य पदार्थ सोळा, बिअर अकरा, स्नॅक सात. दिवसाचे करासकट ६५ होतात, प्लॅन ५७ चा. दोघांचे पाच दिवसांत ऐंशी डॉलर वाचतात. अशा जोडप्याने क्विक-सर्व्हिस प्लॅन खुशाल घ्यावा. तो त्यांच्यासाठीच आहे.

मगबद्दल एक सांगून टाकतो. तो हॉटेलातल्या पेयांच्या यंत्रांवरच भरतो, पार्कात नाही. सकाळी आठला बाहेर पडून रात्री अकराला परतणाऱ्या जोडप्याला त्याचा उपयोग चहा-कॉफीपुरता. पार्कात काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, त्यामुळे स्नॅकचं क्रेडिट पाण्याच्या बाटलीवर घालवू नये. तरी शेवटच्या रात्री हॉटेलच्या फूड कोर्टमध्ये ते दिसतंच. बिलाच्या तळाशी छापलेली शिल्लक बघत लोक बाटल्या, पाकीटबंद कुकीज, चिप्स ट्रेमध्ये भरत असतात, कारण सात-आठ स्नॅक उरलेत आणि सकाळी विमान आहे. स्नॅक निदान बॅगेत जातात. टेबलावरची क्रेडिट उरली तर ती भरायला बॅग नसते.

ती उरतात, कारण जागा मिळत नाही. क्रेडिट म्हणजे टेबल नव्हे. टेबलाचं रिझर्व्हेशन वेगळं करावं लागतं आणि ते ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाआधी ६० व्या दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी रिझर्व्हेशनं एकदम करता येतात. तिथल्या पहाटे सहाच्या सुमारास ऑनलाइन खिडकी उघडते. आपल्याकडे तेव्हा मार्च ते नोव्हेंबर दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. ट्रॅव्हल कंपनीने ‘नंतर करू’ म्हटलं तर किल्ल्यातलं आणि आतषबाजीच्या वेळेचं टेबल हातचं गेलं असं समजावं. मग उरतात दुपारी पावणेतीनच्या किंवा रात्री साडेनऊच्या जागा. ठरलेल्या वेळेला गेला नाहीत किंवा अगदी आयत्या वेळी रद्द केलंत तर बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापतात.

वेळेचाही विचार हवा. टेबलावरच्या जेवणाला तास-दीड तास जातो. रेस्टॉरंट दुसऱ्या हॉटेलात असेल तर जाण्या-येण्यात आणखी तास. पार्कचं तिकीट दिवसाला माणशी शंभर डॉलरच्या वर असताना रोज संध्याकाळचे अडीच तास जेवणाला बांधून टाकायचे का, हे ठरवायला हवं. नव्या जोडप्याला तेच हवं असेल, दिवसभराच्या पायपिटीनंतर शांत बसून बोलायचं असेल, तर त्यात वावगं काही नाही. फक्त ते रोज हवं आहे की दोनदा, एवढं आधी बोलून घ्यावं. मोठा प्लॅन रोजचं धरून चालतो.

टिपचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. दोघांचं जेवण १२० डॉलरचं झालं तर १८ ते २० टक्क्यांनी २१.६० ते २४ डॉलर. टिप क्रेडिट लावण्याआधीच्या पूर्ण रकमेवर धरतात. प्लॅनमुळे महागडं जेवण मागवलं की टिपही वाढते. पाच रात्रींचे शंभराच्या वर जातात आणि कोटेशनमध्ये ते कुठेच नसतात.

प्लॅनच्या बाजूने एक गोष्ट मनापासून मान्य करायला हवी. मेनूच्या उजव्या रकान्याकडे न बघता मागवता येणं, हे नवं लग्न झालेल्यांना मोलाचं वाटतं. घरून पैसे घेऊन निघालेल्या मुलाला किंवा मुलीला दर वेळी डॉलरचे रुपये करत बसण्याचा ताण असतो, आणि त्यात जोडीदारासमोर तो दाखवायचा नसतो. हे सुख पन्नास-साठ डॉलर जास्त मोजून मिळत असेल तर कुणी घ्यावंही. पण तेच सुख दुसऱ्या वाटेने मिळतं. प्लॅनला लागणारी रक्कम डिस्नेच्या गिफ्ट कार्डवर टाकावी. हॉटेलच्या दुकानात ते मिळतं, पार्कातल्या आणि हॉटेलांतल्या बहुतेक सगळ्या खाण्याच्या जागी चालतं, त्याला मुदत नसते. टिपही त्यातून देता येते, स्टार्टरही मागवता येतं आणि एका थाळ्यात दोघांना जेवता येतं. अमेरिकेतली पानं मोठी असतात, दोघांत एक पुरतं. उरलेल्या पैशांची शेवटच्या दिवशी घरच्यांसाठी खरेदी होते. अमेरिकेत राहणारे मामा-आत्या आहेर म्हणून डायनिंग प्लॅन भरून देतात, त्यांनीही या कार्डाचा विचार करावा.

नाश्त्याची सोय साधी आहे. खोल्यांत छोटा फ्रिज असतो, बहुतेक साध्या खोल्यांत मायक्रोवेव्ह नसतो. किराणा हॉटेलवर मागवता येतो. पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं, काचेची बरणी आणि दारू सोडून. चिवडा, लाडू, खाकरे नेले तर अमेरिकेत उतरताना कस्टमच्या प्रश्नाला ‘खाद्यपदार्थ आहेत’ असंच उत्तर द्यावं. ताजी फळं आणि मांस नेऊ नये.

निर्णयाचा क्रम असा ठेवावा. टेबलाच्या रिझर्व्हेशनला प्लॅन लागत नाही, त्यामुळे पॅकेज प्लॅनशिवाय बुक करावं. ६० व्या दिवशी हव्या त्या जागांसाठी प्रयत्न करावा. काय मिळालं ते बघून, त्या त्या जागेचा मेनू डिस्नेच्या संकेतस्थळावर दरांसकट उघडून, दोघांनी बसून आपण खरंच काय मागवू ते लिहावं, साडेसहा टक्के कर घालावा आणि प्लॅनच्या आकड्याशेजारी ठेवावं. पॅकेजची पूर्ण रक्कम भरायची मुदत पोचण्याच्या ३० दिवस आधी असते, आणि तोपर्यंत डायनिंग प्लॅन बुकिंगमध्ये घालता येतो. हातात असलेला हा महिनाभर ट्रॅव्हल कंपन्या पहिल्याच दिवशी सगळी रक्कम एकगठ्ठा घेऊन संपवून टाकतात. त्यांनी कोटेशनमध्ये डायनिंग प्लॅनची रक्कम, प्रकार आणि क्रेडिटची संख्या वेगळ्या ओळीत दाखवावी, टिप आणि नाश्ता धरलेला नाही हे तिथेच लिहावं, आणि प्लॅनचा होकार जोडप्याकडून रिझर्व्हेशनं झाल्यावर घ्यावा, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोचावी.

आपला,
एक वाचक